दारावरचा पिंगळा, दरबारातला दैवज्ञ

'शकुन' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ पक्षी असा आहे. शकुंत पक्ष्यांनी रानात सांभाळ केला म्हणून त्या बालिकेचे नाव शकुंतला पडले, ही कथा वाचकांस ठाऊक आहेच. पक्षी कोणत्या दिशेने उडाला, कोणत्या हाताला बसला, कसा ओरडला यावरून पुढील घटनांचा अंदाज बांधण्याची चाल इतकी रुळली, की पक्ष्याचे नाव त्या अंदाजालाच चिकटले. मराठीत येईपर्यंत शकुनातला पक्षी उडून गेला, अंदाज तेवढा मागे राहिला. दूर इटलीत लॅटिन भाषेनेही हाच प्रवास केला. तिथला 'ऑस्पिसियम' हा शब्द 'पक्षी' आणि 'पाहणे' या दोन शब्दांच्या संधीतून झालेला आहे. ग्रीक भाषेत 'ओइओनोस' म्हणजे मोठा पक्षी, आणि त्याचाच दुसरा अर्थ शकुन. एकमेकांपासून हजारो मैल दूर राहणाऱ्या माणसांनी आकाशाकडे पाहून एकच प्रश्न विचारला होता: उद्या काय होणार?

हा प्रश्न ज्यांना विचारला जाई, त्या माणसांना निरनिराळ्या भाषांनी कोणती नावे दिली आणि समाजाने त्यांना कसे वागवले, याचा थोडा मागोवा घ्यावा, असा या लेखाचा हेतू आहे. शब्दांचा इतिहास हा बहुधा माणसांचाही इतिहास असतो. या इतिहासात ख्रिस्तसभेचाही वाटा आहे, आणि तो सर्वस्वी सोपा नाही.

नावात दडलेले

अमरकोशात ज्योतिषाला अनेक पर्यायी शब्द दिले आहेत. सांवत्सर, मौहूर्तिक, दैवज्ञ आणि गणक हे त्यांपैकी काही. सांवत्सर म्हणजे वर्षाचा हिशेब जाणणारा, मौहूर्तिक म्हणजे मुहूर्त सांगणारा, गणक म्हणजे मोजणारा. यांतील 'दैवज्ञ' हा एकच शब्द दैव जाणण्याचा दावा करतो. बाकीचे शब्द हिशेबनिसाचे आहेत. गंमत अशी, की रोमन लोकही कुंडली मांडणाऱ्याला 'मॅथेमॅटिकस', म्हणजे गणितीच म्हणत. संत ऑगस्टीन आपल्या 'कन्फेशन्स' या आत्मनिवेदनात या गणितींच्या नादी तरुणपणी लागल्याचे सांगतात, तेव्हा त्यांना आजचे गणिताचे प्राध्यापक अभिप्रेत नसतात.

अमरकोशात याच कामाच्या स्त्रीसाठीही शब्द आहे: विप्रश्निका. त्याच्या पोटात 'प्रश्न' दडलेला आहे. पुरुषाच्या नावात गणित आले, स्त्रीच्या नावात लोकांचे प्रश्न आले. युरोपात भटकणाऱ्या रोमा लोकांच्या भाषेत भविष्य सांगणारीला 'द्राबार्नी' म्हणतात. 'द्राब' म्हणजे औषध, आणि भाषाशास्त्रज्ञ त्याचे मूळ संस्कृतातील 'द्रव्य' या शब्दात दाखवतात. म्हणजे तळहात पाहणारी ही बाई मुळात औषधपाणी करणारी. तिच्याकडे येणारा माणूस उद्याची बातमी मागत असला, तरी त्याला हवा असे तो उतारा.

लॅटिन भाषेने आणखी एक शब्द जगाला दिला: 'फातुम', म्हणजे नियती. त्याचा शब्दशः अर्थ 'बोलले गेलेले'. जे एकदा बोलले गेले ते बदलायचे नाही, ही त्यामागची भावना. पोर्तुगीज भाषेतील 'फादो' हा शब्द त्याचाच वंशज. लिस्बनच्या गल्ल्यांतून उमटलेल्या करुण गीतप्रकाराला हेच नाव मिळाले. वसईवर १५३४ ते १७३९ अशी दोनशे पाच वर्षे ज्यांचे राज्य होते, त्या पोर्तुगिजांच्या भाषेत भविष्य पाहणे याला 'सीना' वाचणे म्हणतात, आणि 'सीना' हा शब्द 'खुणा' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. आपण कपाळावरची रेघ म्हणतो, ते हातावरची खूण म्हणतात.

दरबार आणि दार

रोममध्ये पक्ष्यांवरून शकुन पाहणाऱ्या 'ऑगर' या अधिकाऱ्याचे पद मोठ्या मानाचे होते. त्याच्या अनुकूल शब्दावाचून महत्त्वाची राजकार्ये सुरू होत नसत. 'इनॉगरेशन' या इंग्रजी शब्दात तो ऑगर आजही बसलेला आहे. दुकानाची फीत कापताना आपण त्याला ओळखत नाही एवढेच. युद्धाच्या वेळी सैन्याबरोबर पवित्र कोंबड्या नेत. त्यांनी दाणे अधाशीपणे टिपले तर शकुन चांगला. इसवी सनापूर्वी २४९ साली द्रेपाना येथील आरमारी लढाईपूर्वी कोंबड्या खाईनात, तेव्हा पुब्लियस क्लॉडियस या सेनापतीने चिडून त्या समुद्रात फेकून दिल्या, खात नसतील तर पिऊ द्या असे म्हणून. तो लढाई हरला, आणि रोमन लोकांनी पराभवाचे खापर कोंबड्यांच्या अपमानावर फोडले.

पंडित किकेरो, ज्याला आपण इंग्रजी वळणाने सिसेरो म्हणतो, तो स्वतः ऑगर होता. त्यानेच इसवी सनापूर्वी ४४ साली शकुनविद्येवर ग्रंथ लिहून तिच्यातील पोकळपणा दाखवून दिला. पद मात्र त्याने सोडले नाही. राज्याची शिस्त म्हणून ते आवश्यक आहे, असे त्याचे म्हणणे.

याच रोममध्ये बाजारात बसून कुंडली सांगणारे परदेशी लोक होते. त्यांना खाल्डियन म्हणत. इसवी सनापूर्वी १३९ साली त्यांना शहराबाहेर काढण्याचा हुकूम सुटला. पुढे तिबेरियस या सम्राटाच्या काळीही ज्योतिषांना इटलीबाहेर घालवण्याचे ठराव झाले. त्याच तिबेरियसच्या निकट सहवासात थ्रासिलस नावाचा ज्योतिषी अखेरपर्यंत होता. इतिहासकार तासितुसने या वर्गाविषयी कडवट शेरा मारला आहे, त्याचा आशय असा: आपल्या नगरात यांच्यावर बंदी सदैव राहील, आणि यांना सदैव ठेवूनही घेतले जाईल.

आपल्या महाराष्ट्रातही हीच दोन टोके दिसतात. 'जोशी' हे आडनाव 'ज्योतिषी' या शब्दाचेच झिजलेले रूप. गावगाड्यात ग्रामजोश्याला वंशपरंपरेचा हक्क असे. तो पंचांग वाचे, मुहूर्त काढून देई आणि सुगीत त्याचे धान्य त्याच्या घरी जाई. त्याच गावात पहाटेच्या अंधारात हातातले कुडमुडे वाजवीत आणखी एक जोशी येई. त्याला वतन नव्हते, घरही नव्हते. कुडमुडे म्हणजे डमरूसारखे लहानसे वाद्य; त्यावरून त्याचे नाव कुडमुडे जोशी. दुसरा येई तो पिंगळा. पिंगळा हे एका लहान घुबडाचे नाव. या पक्ष्याची भाषा आपल्याला कळते, असे तो सांगे आणि लोक मानीत. म्हणजे शकुनातून उडून गेलेला पक्षी पुन्हा दारात येऊन बसला होता, यावेळी भिकाऱ्याच्या वेषात.

संत एकनाथांनी आपल्या भारुडांत या जोशाला स्थान दिले आणि त्याच्या तोंडून भक्तीचा उपदेश करवला, हे त्यांच्या मनाचे मोठेपण. लोकभाषेने मात्र वेगळे केले. 'कुडमुड्या जोशी' हा शब्द अडाणी, भोंदू माणसाला उद्देशून वापरायची शिवी झाली. पोथी घेऊन गादीवर बसलेल्याचे भाकीत चुकले, तर वेळेच्या नोंदीत चूक झाली असेल असे म्हणायचे, आणि दारावरच्याचे चुकले, तर तो लबाड. महाराष्ट्र शासनाच्या भटक्या जमातींच्या यादीत आज 'जोशी' या नावाखाली कुडमुडे, डमरूवाले यांसारखे समाज नोंदलेले आहेत. एकाच शब्दाचे दोन वारस, एक वाड्यात आणि एक पालात.

शौल राजाची रात्र

या दुटप्पीपणाचे सर्वांत हृदयद्रावक चित्र आपल्या धर्मग्रंथातच आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात शौलाची गोष्ट एका साध्या घरगुती अडचणीने सुरू होते. बापाची गाढवे हरवतात, ती शोधत तो रानोमाळ हिंडतो, आणि अखेर त्याचा चाकर सुचवतो की या गावात एक द्रष्टा आहे, त्याला विचारू. द्रष्ट्याला द्यायला चाकराजवळ पाव शेकेल चांदी असते. गाढवे सापडतात, शौलाला राज्यही मिळते. तिथेच एक टीप येते: आज ज्याला संदेष्टा म्हणतात, त्याला पूर्वी द्रष्टा म्हणत असत.

राजा झाल्यावर शौल मृतात्म्यांना विचारणाऱ्या सर्वांना देशातून घालवून देतो. पण पलिष्ट्यांचे सैन्य समोर उभे ठाकते, परमेश्वर उत्तर देत नाही, आणि तोच राजा वेष पालटून रात्री एन्दोर गावच्या एका स्त्रीचे दार ठोठावतो. ती घाबरते, राजाने हे काम करणाऱ्यांचा नायनाट केला आहे, तू मला मरणाच्या फासात का अडकवतोस, असे विचारते. पुढे शौलाला त्याचा अंत कळतो आणि तो जमिनीवर कोसळतो. त्याने दिवसभर, रात्रभर काही खाल्लेले नसते. तेव्हा ती बाई घरातले पोसलेले वासरू कापते, कणीक मळून भाकरी भाजते आणि त्याला जेवायला घालते.

धर्मग्रंथ तिच्या विद्येचे समर्थन कोठेही करत नाही. अनुवादाच्या अठराव्या अध्यायात असल्या सर्व प्रकारांना स्पष्ट मनाई आहे. पण ती भाकरीही ग्रंथकाराने गाळलेली नाही. ज्याने तिच्यासारख्यांना हद्दपार केले, त्याचे शेवटचे जेवण तिच्याच चुलीवर शिजले. दिवसा हद्दपारी आणि रात्री दारावर थाप, हा भविष्य सांगणाऱ्यांचा सार्वत्रिक इतिहास या एका अध्यायात मावलेला आहे.

पॅरिसच्या वेशीवर

इसवी सन १४२७ च्या ऑगस्ट महिन्यात पॅरिसच्या वेशीवर एक अनोळखी जमात आली. आपण 'लहान इजिप्त' देशाचे आहोत आणि पोप महोदयांनी आपल्याला सात वर्षे भटकण्याचे प्रायश्चित्त दिले आहे, असे ते सांगत. इजिप्तवरूनच त्यांना पुढे इंग्रजीत 'जिप्सी' आणि स्पॅनिशमध्ये 'हितानो' ही नावे पडली. लोकांना ती इजिप्तची माणसे वाटली तरी त्यांची भाषा निराळेच सांगत होती. नाक, कान, पाणी, माणूस यांसाठी त्यांच्या भाषेत नख, कान, पानी, मनुष असे शब्द आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस विद्वानांच्या ध्यानात आले, की ही मंडळी शेकडो वर्षांपूर्वी आपल्याच देशातून निघालेली.

त्या वेळच्या एका पॅरिसकराने आपल्या रोजनिशीत सारा प्रकार लिहून ठेवला आहे. त्यांना ला शापेल या वस्तीत उतरवले होते. शहरातील लोकांची त्यांच्याकडे रीघ लागली. त्यांच्या बायका हात पाहून नवराबायकोत संशय पेरतात आणि बोलता बोलता खिसे रिकामे करतात, असा बोभाटा झाला. रोजनिशीकार प्रामाणिक होता. आपण तीनचार वेळा त्यांच्याशी बोलायला गेलो, पण आपला एक पैसाही गेला नाही आणि कोणी हात पाहतानाही दिसले नाही, असे तो नमूद करतो. लोक म्हणतात, एवढेच. ती लोकवार्ता महागुरूंच्या कानी गेली. ते एका मठवासी धर्मगुरूला घेऊन तेथे गेले, प्रवचन करवले, आणि हात पाहणाऱ्यांबरोबर हात दाखवणाऱ्यांनाही बहिष्कृत केले.

या प्रसंगात आम्हाला एक गोष्ट विशेष वाटते. महागुरूंनी दोष दोन्हीकडे वाटला. हात पुढे करणारा पॅरिसकरही त्यातून सुटला नाही. समाजाने मात्र एवढा समतोल पुढे ठेवला नाही. १५९० च्या दशकात काराव्हाज्जोने 'ला बुओना व्हेंतुरा' हे चित्र रंगवले. त्यात एक भटकी मुलगी श्रीमंत तरुणाचा हात पाहता पाहता त्याच्या बोटातली अंगठी अलगद काढून घेते. चित्र अप्रतिम आहे, आणि एका संपूर्ण जमातीची चोर म्हणून ओळख पक्की करण्यात अशा चित्रांचा हातभार लागला, हेही खरे. त्या तिरस्काराच्या वाटेने इतिहास कोठवर गेला, हे आपण जाणतो: २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री आउशविट्झच्या छावणीत उरलेल्या चार हजारांहून अधिक रोमा स्त्रीपुरुषांना व मुलांना विषारी वायूने मारण्यात आले.

ख्रिस्तसभेनेही पुढे त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले. सहावे पॉल हे पोप १९६५ साली पोमेझिया येथील त्यांच्या तळावर स्वतः गेले. सेफेरिनो हिमेनेस माया या घोड्यांच्या व्यापाऱ्याला दुसरे जॉन पॉल यांनी ४ मे १९९७ रोजी धन्य घोषित केले. स्पेनच्या यादवी युद्धात, १९३६ साली, एका धर्मगुरूचा पक्ष घेतल्यामुळे तो पकडला गेला आणि जपमाळ सोडायला नकार देऊन मृत्यूला सामोरा गेला. वेदीवर सन्मान मिळालेला तो पहिला रोमा.

गादीवरचे भय

राजवाड्यातील ज्योतिषी आणि रस्त्यावरची द्राबार्नी यांच्यातला भेद धर्मपीठाच्या छायेतही होता, हे लपवण्याचे कारण नाही. पोप पाचवे सिक्स्तुस यांनी १५८६ साली फलज्योतिषाविरुद्ध कडक फर्मान काढले. तरीही १६२८ साली, ग्रहणामुळे आपला मृत्यू ओढवेल अशा भाकितांनी बेचैन झालेल्या पोप आठव्या अर्बन यांनी काम्पानेल्ला या विद्वान डोमिनिकन धर्मगुरूला बोलावून घेतले आणि बंद दालनात ग्रहांच्या प्रतीकादाखल दिवे व मशाली लावून त्यांचा दुष्प्रभाव टाळण्याचे उपचार केले. त्याच अर्बन यांनी तीन वर्षांनी, १६३१ साली, असली भाकिते करणाऱ्यांवर जबर शिक्षेचे फर्मान काढले. शौल राजा काही एकटा नव्हता.

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाने जन्मकुंडली, हस्तरेषा, शकुन या सर्वांचा त्याग करावा असे सांगताना त्यामागच्या वृत्तीवर बोट ठेवले आहे: काळावर, इतिहासावर आणि अखेर दुसऱ्या माणसांवर सत्ता गाजवण्याची इच्छा. भविष्य विचारणारा भयाने विचारतो, आणि भय वाटणाऱ्याला ताबा हवा असतो.

संदेष्टा आणि भविष्यवादी

जुन्या मराठी ख्रिस्ती लिखाणात बायबलमधील प्रवक्त्यांना 'भविष्यवादी' म्हटलेले आढळते. आज आपण 'संदेष्टा' म्हणतो. हा बदल आम्हाला फार मोलाचा वाटतो. भविष्यवादी उद्याची बातमी सांगतो. संदेष्टा निरोप आणतो, आणि निरोपाला उत्तर देता येते.

योनाचे पुस्तक आठवावे. चाळीस दिवसांत निनवे नगर उलथून पडेल, असे त्याने जाहीर केले. लोकांनी पश्चात्ताप केला, राजा राखेत बसला, आणि नगर वाचले. ज्योतिषाच्या हिशेबाने योनाचे भाकीत साफ चुकले. संदेष्टा म्हणून तो याहून यशस्वी होऊ शकत नव्हता. लॅटिनांचा 'फातुम' म्हणतो, बोलले ते बोलले. बायबलचा देव बोललेले मागे घेतो, कारण ज्यांच्याशी तो बोलतो त्यांना बदलता येते. संत ऑगस्टीन यांचे डोळे उघडले तेही अशाच एका गोष्टीने. फर्मिनस नावाच्या मित्राने त्यांना सांगितले, की आपण ज्या क्षणी जन्मलो त्याच क्षणी वडिलांच्या स्नेह्याच्या घरी एका दासीला मूल झाले. दोघांची कुंडली एकच. फर्मिनस सुखात वाढला, आणि ते मूल गुलामच राहिले. ताऱ्यांनी जे वेगळे केले नव्हते, ते माणसांनी वेगळे केले होते.

पुण्यात २००८ साली डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यापेक्षा काटेकोर कसोटी लावली. बुद्धिमान आणि मतिमंद अशा मुलांच्या कुंडल्या सरमिसळ करून ज्योतिषांना ओळखायला दिल्या. २७ जणांची उत्तरे आली. त्यांतील अचूक उत्तरांचे प्रमाण शेकडा ४६ च्या आसपास भरले. नाणे उडवले असते तरी साधारण एवढेच आले असते.

तरीही प्रश्न थांबत नाही, कारण भय आकड्यांनी जात नाही. मुलीचे लग्न जमत नाही, मुलगा आखातात गेला तो फोन करत नाही, दुखणे डॉक्टरांच्या हाती लागत नाही: अशा वेळी रविवारी मिस्सेला जाणारे पायही कधी सोमवारी भगताच्या दाराकडे वळतात. त्यांना नुसते रागावून भागणार नाही. फिलिप्पै नगरात अंगात येऊन भविष्य सांगणारी एक दासी होती. तिचे धनी तिच्यावर पुष्कळ कमाई करीत. संत पौलाने तिच्यातला आत्मा घालवला, तेव्हा तिला न ओरडता तो त्या आत्म्याला बोलला. चिडले ते धनी, कारण त्यांचा धंदा बसला. पौल आणि सीला यांनी त्यापायी फटके खाल्ले व तुरुंगवास भोगला. एखाद्याला भयातून सोडवायचे तर काही किंमत मोजावी लागते, असे प्रेषितांचे हे पान सांगते. भगताकडे निघालेल्या माणसाच्या घरी त्याआधी आपल्यापैकी कोणी जाऊन बसले होते का, हा प्रश्न धर्मग्रामाने स्वतःला विचारायला हवा.

जाता जाता एक शेवटचा शब्द. भविष्य सांगण्याला फ्रेंच लोक 'बोन आव्हांत्यूर' सांगणे म्हणतात, आणि काराव्हाज्जोच्या चित्राचे नावही त्याच कुळातले. लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ 'येऊ घातलेले'. त्याच धातूपासून 'अॅडव्हेंट' हा शब्द झाला, ज्याला आपण आगमनकाळ म्हणतो. नाताळापूर्वीच्या चार आठवड्यांत आपणही येऊ घातलेल्याचीच वाट पाहत असतो. तळहातावरची रेघ पाहणारा 'काय येणार' असे विचारतो. आगमनकाळातील मेणबत्ती पेटवणाऱ्याला 'कोण येणार' हे ठाऊक असते, आणि तेवढे ठाऊक असले की उद्याचे उरलेले न कळणे सोसता येते.